छतावरच्या सात काठ्या

नाही हो, डाग नाहीये तो. सगळे तेच विचारतात. सहा नंबरच्या लेनवर जायचं, मान वर करायची, मग मान वळवून माझ्याकडे बघायचं आणि वर दबक्या आवाजात, "काय हो, छत गळतं वाटतं?"... गळत नाही. चौतीस वर्षं मी हा बोलिंगचा हॉल चालवतोय, माझ्या आधी माझ्या बापाने चालवला, एक थेंब कधी खाली आलेला नाही. तो जो पांढराशुभ्र चौकोन दिसतोय ना, बाकीच्या पिवळट चौकोनांमध्ये एकटाच उठून दिसणारा, तिथून पाणी नाही आलं. तिथून मी आलो. म्हणजे पूर्ण नाही आलो. अर्धा आलो.

बसा ना, बूट चढवा सावकाश, लेनला अजून वेळ आहे. नऊ नंबर ना पायाचा? हे घ्या, जरा दाबतील, पण दुसऱ्या गेमपर्यंत सैल होतात. पुलापलीकडून, खालच्या मुलखातून आलात ना, बर्फावर गाड्या पळवायला? दिसतंच. तुमच्याकडे बर्फ पडला की शाळा बंद ठेवतात म्हणे. आमच्याकडे बर्फ पडला नाही तर डॉक्टरला बोलावतात. तर ऐका. मी काही संशयी माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझी बायको आर्डिस तुम्हाला वेगळं सांगेल. ती सगळ्यांना वेगळं सांगते, आणि का सांगते हे मला अजून कळलेलं नाही.

सुरुवात झाली विमा कंपनीच्या बाईपासून. गेल्याच्या आदल्या सप्टेंबरात आली, ग्रीन बेहून, पांढरे बूट घालून. आता मला सांगा, आमच्या या कीवनॉमध्ये सप्टेंबरात पांढरे बूट घालून कोण येतं? आली, हॉलच्या मधोमध उभी राहिली आणि वर बघायला लागली. अकरा मिनिटं. मी घड्याळ लावून बघत होतो. अकरा मिनिटं माणूस छताकडे बघतो तेव्हा त्याला तिथे काय दिसतं? मग वहीत काहीतरी लिहिलं आणि हसली. हसली का? मग म्हणाली, "मिस्टर पेल्टो, छतासाठी तुमचं हिवाळ्याचं नियोजन काय असतं?"

म्हटलं, मॅडम, नोव्हेंबरात बर्फ पडतो, मे महिन्यात वितळतो. हे नियोजन.

तर म्हणे, "तसं नाही चालणार. हे सपाट छत आहे आणि मध्ये एकही खांब नाही." खांब कसा असेल? लेनच्या मध्ये खांब ठेवला तर बॉल काय वळसा घालून जाणार? पण बाई ऐकेना. वरचे नाले हिवाळ्याआधी साफ करून घ्या, सांधे तपासा, फांद्या घासतायत त्या छाटा, बर्फ कोण काढणार, केव्हा काढणार, काढून टाकणार कुठे, हे सगळं लिहून द्या, आणि एक जबाबदार माणूस नेमा, नाहीतर आमची कंपनी पुढच्या वर्षी तुमचा विमा उतरवणार नाही... आणि विमा नाही म्हणजे हॉल नाही. आणि हा हॉल नाही म्हणजे आमच्या गावात डिसेंबर ते एप्रिल माणसाने जायचं कुठे? चर्च आणि सॉना, म्हणजे घाम काढायची वाफेची खोली. दोन्हीकडे गप्प बसावं लागतं.

आणि खरं सांगू का, बाईचं म्हणणं मला पटलं होतं. तिच्यासमोर कबूल नाही केलं, पण पटलं होतं. कारण आदल्याच हिवाळ्यात आमच्या लाउरिलाचं लाकूडसामानाचं दुकान बसलं. बसलं म्हणजे अक्षरशः बसलं. झालं काय, छतावर चार फूट बर्फ, म्हणून रविवारी बारा-पंधरा जण फावडी घेऊन चढले. आमच्याकडे पद्धतच आहे, कुणाच्या छताने तोंड वाकडं केलं की हाक मारायची, आख्खी आळी वर चढते, कुणी काही मागत नाही, फक्त कॉफी आणि निसू, म्हणजे आमचा वेलदोड्याचा गोड पाव. तर चढले, पूर्वेकडचा अर्धा भाग स्वच्छ केला, अगदी आरशासारखा, आणि खालून लाउरिलाची बायको ओरडली, "कॉफी झालीये, गार होतेय." आता गरम कॉफी आणि आमच्यासारखा फिन वंशाचा माणूस यांच्या मध्ये कोण येणार? सगळे उतरले. एक बाजू रिकामी, एका बाजूवर चार फूट. वीस मिनिटांत अख्खी इमारत त्या बाजूला कलली आणि आरामात खाली बसली. सगळे कप हातात धरून बघत होते. आत कुणी नव्हतं म्हणून बरं. लाउरिला म्हणाला, "अजून थोडी घ्या." दुसरं काय बोलणार?

पण माझ्या हॉलमध्ये दर गुरुवारी दुपारी दोन वाजता ज्येष्ठांची लीग असते. सेहेचाळीस माणसं. सगळ्यात तरुण खेळाडू सहासष्ट वर्षांचा. त्यात माझी सासू. मला पहिलीत शिकवलेल्या बाई. बापाबरोबर खाणीत काम केलेले दोघे. ही सगळी त्या छताखाली एका वेळी असतात. तुम्ही हसाल, पण सप्टेंबरपासून दर गुरुवारी दुपारी दोन ते पाच मी नुसता छताकडे बघत बसायचो.

म्हणून मग वर्नरला बोलावलं. वर्नर रूओना. छतांची कामं करतो, त्याचा बापही तेच करायचा. आम्ही दोघं शाळेत तीन वर्षं एका बाकावर बसलो. तीन वर्षांत हा प्राणी माझ्याशी दोन वाक्यं बोलला, त्यातलं एक "सरक" होतं. आता त्रेसष्ट वर्षांचा झालाय, काही फरक नाही. तुम्ही विचारा, "वर्नर, कसं आहे?" तो म्हणणार, "हं." तुम्ही सांगा, "वर्नर, तुझ्या ट्रकला आग लागलीये," तो म्हणणार, "हं," आणि जाऊन विझवेल. आमची माणसं अशीच. न विचारता सांगायचं नाही आणि न सांगता विचारायचं नाही. मीच एक बोलका निघालो, आर्डिस म्हणते दवाखान्यात अदलाबदल झाली असणार.

तर आला. शिडी लावली, चढला. चार दिवस काम केलं. आता काम चोख केलं, तिथे खोट काढणार नाही. चार नाले उपसले. एकातून पक्ष्याचं घरटं निघालं, एकातून कुणाचा तरी हातमोजा, एकातून बिअरची बाटली. ती बाटली वर गेली कशी, हे मला अजून छळतंय. सांधे बघितले, दोन ठिकाणी नवीन रबर चिकटवलं, देवदाराच्या फांद्या छाटल्या. आणि शेवटच्या दिवशी छतावर काठ्या उभ्या केल्या. रस्त्याच्या कडेला बर्फ काढणाऱ्या गाडीसाठी रोवतात ना, नारिंगी, डोक्याएवढ्या उंच, तसल्या. छताला भोक पडू नये म्हणून प्रत्येक काठी वाळू भरलेल्या रंगाच्या डब्यात. खाली आला, हात पुसले, म्हणाला, "झालं."

म्हटलं, कॉफी घे.

म्हणाला, "नको."

थांबा, तुमच्या लक्षात नाही आलं. नको म्हणाला! आमच्या गावात माणूस कॉफीला नको कधी म्हणतो? एक तर तो मेलेला असतो, नाहीतर त्याच्या मनात काहीतरी असतं. वर्नर मेलेला नव्हता. मी काही संशयी माणूस नाही, पण तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर?

तो गेल्यावर मी वर चढलो. काठ्या मोजल्या. सात.

नाले किती? चार. हे मला पक्कं ठाऊक, कारण हॉलच्या चार कोपऱ्यांत चार पाइप उतरतात, लहानपणापासून बघतोय, ते बघा, त्या बुटांच्या कपाटामागे एक आहे. चार नाल्यांना चार काठ्या, हे समजलं. चार फूट बर्फात नाला कुठे आहे ते कळायला हवं, नाहीतर वितळलेलं पाणी जाणार कुठे. समजलं. उरलेल्या तीन कशाला? मधोमध, एका रांगेत, लेनच्या बरोब्बर वर. तिथे जाऊन बघितलं तर काही नाही. काळं रबर, जरासा उंचवटा, बस्स.

आर्डिसला सांगितलं. ती विणत होती. म्हणाली, "विचार ना त्याला."

विचार ना! म्हणजे मी जाऊन वर्नरला म्हणायचं, "बाबा रे, हे छत माझ्या बापाने बांधलं, मी चौतीस वर्षं त्याच्याखाली बसतोय, आणि त्यावर काय आहे ते मला माहीत नाही, तू सांग." गावात तोंड दाखवायला जागा राहिली असती का? आणि तो काय म्हणाला असता? "हं." म्हणून नाही विचारलं. विचार केला. विचार करायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि विचार करता करता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा परत येणार आहे. खुणा करून गेलाय. त्या तीन जागा त्याने पक्क्या केल्यात, आता एखाद्या दिवशी हळूच येणार, तिथे जरासं रबर उचकटणार, मार्चमध्ये छत गळणार, मी धावत जाणार, "वर्नर, वर्नर, वाचव," आणि मग आख्खं छत नवीन. म्हणून तर कॉफी घेतली नाही. ज्याच्या छताला भोक पाडायचंय त्याची कॉफी कुठल्या तोंडाने प्यायची? अहो, हसू नका. तेव्हा सगळं इतकं जुळत होतं.

आणि पुरावा म्हणाल तर रोज सकाळी. रोज सकाळी सव्वासातला वर्नरचा ट्रक माझ्या हॉलसमोरून जायचा. त्याचं घर कुठे, चर्चच्या पलीकडे. त्याचं काम कुठे, हँकॉककडे. माझा हॉल वाटेवर येतच नाही. तरी यायचा, हॉलसमोर वेग कमी करायचा, काच खाली करायची, बाहेर शून्याखाली वीस आणि हा काच खाली करतोय, छताकडे बघायचा, ओठ हलवायचा, काच वर, गेला. रोज. मी खिडकीच्या पडद्याआडून बघायचो. आर्डिस म्हणायची, "तू काय करतोयस तिथे?" मी म्हणायचो, "हवा बघतोय."

मग मी डाव टाकला. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीची गोष्ट, वर जेमतेम वीतभर बर्फ होता. चढलो, आणि त्या मधल्या तीन काठ्या डब्यांसकट उचलल्या आणि पुढच्या बाजूला नेऊन ठेवल्या, कठड्यापासून दोन हातांवर, एका रांगेत. म्हणजे काय झालं बघा, रस्त्यावरून बघणाऱ्याला काठ्यांची फक्त टोकं दिसणार. सातच्या सात. त्याला वाटणार सगळं जागच्या जागी आहे. आणि हा चोरून भोकं पाडायला आला की पाडणार कुठे? कठड्याजवळ. तिथे खाली माझी वखार आहे, जुन्या पिनांची. गळू दे किती गळायचं ते. खाली उतरलो तेव्हा इतका खूश होतो की आर्डिसने विचारलं, "आज काय आहे?" म्हटलं, काही नाही, हवा चांगली आहे.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला ट्रक आला. काच खाली. ओठ हलले. काच वर. गेला. मी पडद्याआड हसलो. आता ते हसू आठवलं की मला माझ्याच कानाखाली द्यावीशी वाटते.

मग डिसेंबर, जानेवारी. मी नेमाने वर चढत होतो, तसं बाईला लिहूनच दिलं होतं, जबाबदार माणूस म्हणून माझंच नाव होतं, दुसऱ्या कुणावर मी ते सोडणार होतो होय? कडेकडेने काढत होतो, दोन्ही बाजू सारख्या, लाउरिलासारखं नाही. लोखंडी फावडं नाही, प्लास्टिकचं, आणि पार खालपर्यंत खरवडायचं नाही, वीतभर थर ठेवायचा, रबराला धक्का नको. मधल्या भागाला मात्र हात लावायची वेळ आली नव्हती. सुपीरियर तलावावरून येणारा कोरडा बर्फ, तो काही जड नसतो, वारा बराचसा उडवून नेतो.

आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आठ दिवस सलग पडला. आणि नवव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, पाऊस. फेब्रुवारीत पाऊस! चार फूट बर्फावर पाऊस पडला की तो पाणी पिऊन बसतो, मग वजन किती होतं विचारू नका. मी साडेबाराला हॉल उघडला, बुटांच्या खोलीचं दार ढकललं... उघडेना. काल उघडत होतं. मग बायकांच्या बाथरूमचं दार. तेही अडलेलं. दारं अशी अचानक अडायला लागली की समजायचं वरून चौकट दाबली जातेय. माझ्या बापाने मला दोनच गोष्टी नीट शिकवल्या, त्यातली ही एक.

मी आर्डिसला म्हटलं, लोकांना हाक मार. आणि लीग रद्द कर, सगळ्यांना फोन कर. आणि फावडं घेऊन वर गेलो. थांबलो नाही. लोक येतील तोवर मधला भार तरी हलका करावा म्हणून सरळ मधोमध चालत गेलो. चार काठ्या नाल्यांवर दिसत होत्या, तिथे पाय जपून टाकत होतो. बाकी सगळं एकसारखं पांढरं. खाली सहा नंबरची लेन. तिथे दोन फूट उपसलं, तिसरा फूट उपसला, सरकलो एक पाऊल...

आणि उजव्या पायाखालचं जग गेलं.

आधी वाटलं बर्फात रुतलो. मग कळलं की माझा पाय मांडीपर्यंत आत आहे, बूट कुठेतरी निसटलाय आणि पावलाला गरम हवा लागतेय. आणि खालून आवाज आला, लाकडावर बॉल घरंगळत गेल्याचा. म्हणजे खाली कोणीतरी खेळत होतं. अहो, आर्डिसने फोन केले होते, पण आमची म्हातारी माणसं फोन कुठे उचलतात? मी वर चढलो तशी ती लवकर येऊन खेळायलाही लागली होती, आणि आर्डिस आत ऑफिसात अजून फोनच फिरवत होती.

एक किंकाळी नाही, काही नाही. मग माझी सासू, "हा वेस्लीचा पाय आहे. मोजा मी विणलाय."

मग आयलीबाई, पहिलीच्या बाई, वय एक्क्याऐंशी. खणखणीत आवाजात म्हणाल्या, "वेस्ली, पाय हलवू नकोस. माझा एक बॉल राहिलाय."

आणि टाकला त्यांनी. मी वरून पिना पडल्याचा आवाज ऐकला. आठ पडल्या. नंतर मला म्हणाल्या, "तुझ्या पायामुळे दोन राहिल्या."

मी वरून ओरडत होतो, बाहेर व्हा, सगळे बाहेर व्हा, छतावर भार आहे. आता मला पायाचं काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते एवढंच की मी इथे डाव्या गुडघ्यावर लटकलोय आणि ही सगळी बरोबर माझ्याखाली उभी राहून वर बघतायत, आणि माझ्याबरोबर हे छत आलं तर... मी जन्मात एवढा घाबरलो नव्हतो. रडत होतो मी, सरळ सांगतो. पावसात कळत नाही म्हणून बरं. खाली शेवटी आर्डिसने आवाज चढवला, "जो आत थांबेल त्याला उन्हाळ्यापर्यंत कॉफी नाही." दोन मिनिटांत हॉल रिकामा.

आणि मग शिडीवर डोकं दिसलं. वर्नर.

तो धावत आला नाही. कठड्याजवळ थांबला, तिथल्या त्या तीन काठ्यांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. परत काठ्यांकडे बघितलं. मग शिडी वर ओढून घेतली, बर्फावर आडवी टाकली आणि पोटावर झोपून तिच्यावरून सरकत सरकत माझ्यापर्यंत आला. माझा पट्टा धरला मागून. घट्ट. त्याचं तोंड माझ्या तोंडापासून एक हातावर होतं. 

आता सांगा, अशा वेळी माणूस काय बोलतो? मी म्हटलं, "सात का?"

म्हणाला, "चार नाले. तीन खिडक्या."

खिडक्या! छताला खिडक्या! तर म्हणे माझ्या बापाने उजेडासाठी ठेवल्या होत्या काचेच्या. दुपारी लेनवर ऊन यायचं, खेळणाऱ्यांच्या डोळ्यांवर तिरीप यायची, लोक कुरकुरायला लागले म्हणून हॉल उघडला त्याच उन्हाळ्यात खालून हे छताचे चौकोन लावले आणि वरून फळ्या ठोकून रबर चढवलं. मी तेरा वर्षांचा होतो, तो आख्खा उन्हाळा काकाकडे गवत कापायला होतो, परत आलो तेव्हा हॉलही तयार आणि छतही झाकलेलं. फळ्या ठोकल्या कुणी? वर्नरने आणि त्याच्या बापाने. पन्नास वर्षांत त्या कुजून भुसा झाल्या. गावात हे माहीत असलेला एकच माणूस उरला होता, आणि तो माझा पट्टा धरून पडला होता.

म्हटलं, "मग सांगितलं का नाहीस?"

म्हणाला, "तुझंच छत. तुला माहीत असणार असं वाटलं." मग म्हणाला, "उन्हाळ्यात फळ्या बदलणारच होतो. तोवर कुणाचा पाय पडू नये म्हणून काठ्या."

मी गप्प. मी! आर्डिस अजून विश्वास ठेवत नाही. वर्नर मात्र बोलला. आयुष्यातलं सगळ्यात मोठं वाक्य बोलला, माझ्याकडे न बघता, "मी रोज सकाळी मोजून जायचो, वेस. सात दिसायच्या. म्हणून निश्चिंत असायचो."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण तसं बघायला गेलं तर मी अर्धा झालोच होतो.

बाकी मग नेहमीसारखं. आख्खी आळी चढली, दोन्ही बाजूंनी सारखं सारखं काढलं, नाले मोकळे केले, एकही माणूस काम संपेपर्यंत कॉफीला उतरला नाही, लाउरिला स्वतः शिडीपाशी पहारा देत होता. संध्याकाळपर्यंत बुटांच्या खोलीचं दार एका बोटाने उघडलं. मला मांडीला चौदा टाके. उन्हाळ्यात वर्नरने तिन्ही खिडक्या लोखंडी पत्र्याने कायमच्या बंद केल्या. विमा कंपनीची बाई पुन्हा आली, या वेळी काळे बूट, वर बघितलं, लिहिलं, हसली. या वेळी का हसली ते मी विचारलं नाही. आणि वर्नरने नको म्हटलेली ती कॉफी? डॉक्टरने बंद केली होती, पोटात जखम होती म्हणून. दोन महिने. सांगितलं नाही त्याने. आणि मीही विचारलं नव्हतं.

तर तेव्हापासून मी ठरवलंय. बस्स. आता जे मनात येईल ते तोंडावर विचारायचं. संशय नाही, पडद्याआड उभं राहणं नाही. आर्डिसला शब्द दिलाय तसा.

यंदा ऑक्टोबरात वर्नर आला. नाले साफ केले, सांधे बघितले, काठ्या उभ्या केल्या. खाली आला, कॉफी प्यायला दोन कप. "झालं," म्हणाला आणि गेला. मी वर चढलो, मोजल्या. चार नाल्यांच्या चार. पत्रा ठोकला तरी खबरदारी म्हणून खिडक्यांच्या तीन. बरोबर. आणि तीन नंबरच्या लेनच्या वर, एकटी...

आठवी.

आता जानेवारी संपत आला. तीन महिने झाले. मी त्या काठीभोवती दहा फूट बर्फाला हात लावलेला नाही, तिथे आता माणूसभर उंच ढीग झालाय, आणि हे चांगलं नाही हे मला कळतं, लाउरिलाचं मी विसरलेलो नाही. म्हणून तीन नंबर तुम्हाला मिळणार नाही, दोन, तीन, चार तिन्ही बंद आहेत, अकरावर खेळा. रोज सकाळी सव्वासातला तो येतो, मोजतो, जातो. रोज मी दारापर्यंत जातो, आज विचारायचं म्हणून. आणि रोज म्हणतो, वर्नर, हवा काय म्हणतेय? तो म्हणतो, "हं."

झाले का बूट बांधून? मग एक काम करा. तो कोपऱ्यात लाल टोपी घालून बसलाय ना, तो वर्नर. तुम्ही बाहेरचे, तुम्ही विचारलेलं चालतं. बॉल आणायला त्याच्या बाजूने जा आणि जाता जाता सहज विचारा, ती आठवी कशाला आहे म्हणून. मी सांगितलंय असं मात्र बोलू नका हं.